जिवंत मुलाची तेरवी

वलगावच्या दुर्गाबाईला कुणी भित्री म्हटलं असतं तर सगळं गाव हसलं असतं. नवरा, जानराव, पान लागून, म्हणजे साप चावून, गेला तेव्हा तिच्या पदरात एक मुलगा, एक मुलगी आणि पेढी नदीच्या काठची काळीभोर जमीन होती. दीर किसनराव दर पेरणीला बांध थोडाथोडा सरकवू लागला, तेव्हा तिनं चावडीवर जाऊन चारचौघांत त्याचा पाणउतारा केला आणि बांध होता तिथं आणवला. अशी बाई. पण पुढे याच बाईला एका प्रश्नाचं एका शब्दात उत्तर द्यायचं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघालं नाही. प्रश्न अगदी साधा होता. हा तुमचा मुलगा का?

तो काळ कापसाच्या तेजीचा. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस बंद पडला होता, इतकंच वऱ्हाडातल्या माणसाला ठाऊक. ज्यांच्या घरी आजवर पितळी भांडं मिरवायची वस्तू होती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. रेल्वे अजून अमरावतीपर्यंत आलेली नव्हती. त्यामुळे हिवाळा लागला की अमरावतीहून अकोल्याकडे गाड्यांची रांग लागायची. बदनेरा, मूर्तिजापूर, मग काटेपूर्णा नदी, मग अकोला. दुर्गाबाईचा मुलगा सूर्यभान स्वतःची गाडी घेऊन या रस्त्यावर असायचा. वय चोवीस-पंचवीस. बायको दोन वर्षांमागे तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरीचं नाव काढलं की तो बैलांना पाणी पाजायला उठून जायचा.

अकोल्यात गाड्या रिकाम्या व्हायला कधी चार दिवस लागत, कधी आठ. गाडीवान मोर्णा नदीच्या काठी पडून असत. तिथं पुंजाराम नावाचा एक ख्रिस्ती उपदेशक यायचा, जालन्याकडचा, कोष्ट्याच्या घरातला. ज्याला शिकायचं त्याला तो वाळूत काडीनं अक्षरं शिकवायचा. सूर्यभान दोन हंगामांत वाचायला शिकला. वाचता वाचता तिसऱ्या हंगामात त्यानं आईला गाठलं. ती चुलीपुढे बसली होती.

"माय, एक सांगाचं हाये तुले."

"सांग ना. कोन हाये ते? अकोल्याचीच हाये काय?"

"बाई नाई वो माय."

"मंग जुगार खेळला?"

"येशूवर भाव बसला माहा. बाप्तिस्मा घेतो म्हन्तो."

दुर्गाबाईनं परातीतला हात काढला. "त्यानं काय भेटते?"

"काई भेटत नाई."

"मंग कावून?"

सूर्यभान आईजवळ बसला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली. एकदा पुंजारामचा लोटा हरवला आणि तो एका गरीब गाडीवानावर घसरला. लोटा दुसऱ्या दिवशी त्याच्याच पडशीत निघाला. तेव्हा पुंजारामनं सगळ्या तळावर त्या गाडीवानाचे दोन्ही हात धरून माफी मागितली. "शिकलेला मानूस, माय. लोटा सापडला तर गुपचूप ठेवून देता आला असता. कोनाले कळनार होतं? म्या त्याले पुसलं, कावून असं केलं बाप्पा? त्यानं सांगितलं, माह्या प्रभूले ठाऊक हाये ना. ते ऐकून म्या रातभर झोपलो नाई."

दुर्गाबाईला लोट्याची गोष्ट आवडली, पण तिला दुसरंच दिसत होतं. तिची मुलगी शकुन भातकुलीच्या खुशालरावाच्या मुलाला देऊ केली होती. सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न होतं. खुशालराव म्हणजे चार गावांत ज्याचा शब्द चाले असा माणूस. ती मुलाच्या जवळ सरकली.

"हे पाय, मनात ठेव. मनात कोन डोकावून पायते? तुहा देव तुले समजला, झालं. लोकाईले कायले सांगतं?"

"बाबा होते तवा तू कुंकू मनातच लावत होती काय वो माय?"

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. "तुही जीभ लय वाढली रे. अक्षरं शिकून हेच शिकला काय?"

पुढे आयुष्यभर तिला वाटत राहिलं, की त्या दिवशी आपण त्याला 'मनात ठेव' म्हटलं ते चुकलं नाही. चुकलं ते हे, की तो इतका उमाळ्यानं सांगत होता आणि आपण एकदाही विचारलं नाही, की काय रे, कसा आहे तो तुझा येशू?

माघात मोर्णेच्या पाण्यात सूर्यभानाचा बाप्तिस्मा झाला. गाडी वलगावात शिरली तशी त्यानं बैल सोडले आणि घरी न जाता थेट चावडी गाठली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका, म्हणाला. लोक थट्टेवर आले.

"पाद्र्यानं काय देल्लं रे?"

"किरिस्तावाले टोपी भेटते म्हन्तात. तुही टोपी कुठं हाये?"

"टोपी नाई भेटली, बाप्पा," सूर्यभान म्हणाला. "मुंडासं जुनंच हाये. आतलं डोस्कं तेवढं बदललं."

हशा झाला. पण संध्याकाळपर्यंत हसणारे सगळे आपापल्या घरी गेले आणि किसनराव भाऊबंदांना घेऊन वहिनीच्या अंगणात आला. दोन दिवसांत भातकुलीचाही निरोप आला. खुशालरावानं शिवी दिली नव्हती, धमकी दिली नव्हती. मुलगी आम्हाला पसंत आहे, एवढंच त्यानं कळवलं होतं. पण ज्या घरात बाटलेला मुलगा जेवतो त्या घरची मुलगी आमच्या देवघरात चालायची नाही. त्या घराचा आणि मुलाचा संबंध तुटला, हे जातीपुढे दिसायला हवं.

संबंध तुटला हे दाखवायची एकच रीत होती. जो गेला तो मेला, असं धरायचं. पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा करायचा, नदीवर नेऊन त्याला अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं, तेराव्या दिवशी जातीला जेवू घालायचं. त्यानंतर तो माणूस रस्त्यात दिसला तरी तो आपला कुणी नव्हे.

"वयनी," किसनराव म्हणाला, "तुमच्या पोटाले पीळ पडते हे मले समजते. पन एक लेकरू तर गेलंच. दुसऱ्याले वाचवा."

सूर्यभान हे ऐकत ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तो आत गेला, आपलं घोंगडं आणि लहानसं पुस्तक घेतलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "शकुनच्या लग्नात माह्यापायी इघ्न नोको. तुमाले जे कराचं ते करा. म्या काई मरत नाई, आन किरिस्तावपनही सोडत नाई." गाडी त्याची स्वतःच्या हातची होती, बैलजोडी बापाची. त्यानं आईला विचारलं, "बैल नेऊ काय?"

"ने," ती म्हणाली. घरच्या अंगणात मुलाशी बोललेला तिचा हा शेवटचा शब्द.

पुतळा किसनरावाच्या मुलांनी बांधला. त्यांनी तो घाईत बांधला म्हणून डोकं एका बाजूला कललं होतं, आणि दुर्गाबाईला उगाच वाटलं, सूर्यभान झोपला की असाच मान टाकतो. तेराव्या दिवशी अंगणात पंगत बसली. ती पुरण वाढत होती. तेवढ्यात तिची नजर वेशीकडे गेली. रस्त्यावरून दोन गाड्या चालल्या होत्या. एक बदनेऱ्याच्या कुर्बानची, दुसरी सूर्यभानाची. कुर्बान हा त्याचा रस्त्यावरचा जोडीदार, मोठ्या तोंडाचा आणि मऊ मनाचा.

"क्या बे, ये किसका खाना है?" कुर्बाननं विचारलं होतं, हे तिला पुढे त्याच्याच तोंडून कळलं.

"माहं," सूर्यभान म्हणाला होता. "तेरवी हाये माही."

"तेरी मा की... चल, जेवून येऊ. तुह्यावानी नशीबवान कोन? आपल्याच तेरवीची पोळी खाले भेटते."

सूर्यभान हसला नाही. त्यानं गाडी थांबवली, लांबून पंगतीला हात जोडले, आणि बैल हाकले. पंगतीतल्या कुणीतरी वर पाहिलं, कुणी मुद्दाम पाहिलं नाही. दुर्गाबाई पुरणाचं ताट घेऊन उभी होती. "वयनी, इकडं वाढा," किसनराव म्हणाला, आणि ती तिकडे गेली.

वैशाखात शकुनचं लग्न झालं. खुशालरावानं शब्द पाळला. मुलगी सुखात नांदू लागली.

सूर्यभानानं अमरावतीला कापसाच्या बाजाराजवळ एक छप्पर भाड्यानं घेतलं आणि एका शेठच्या गाड्यांत आपली गाडी लावली. त्याची खबर आणायचा तो कुर्बान. वलगावावरून जाताना तो दुर्गाबाईच्या अंगणात पाणी प्यायला थांबायचा. मेलेल्या माणसाची चौकशी करता येत नाही, म्हणून ती विचारायची, "ते बैल बरे हायेत काय, कुर्बान?"

"बैल एकदम तय्यार, काकी. ऐतवारी जू घेत नाईत ना! तो गाडी उभी करते आन पुस्तक वाचत बसते. आमी पुढं, हा मांगं. म्या म्हनतो, अबे, तुहे बैल बी किरिस्ताव करून टाकले काय?"

"आन लोक?"

"लोक चिडवतात. तो चिडत नाई. त्याचीच मजा जाते मंग."

एकदा मात्र कुर्बान थट्टा करत नव्हता. अंगणात बसून त्यानं काटेपूर्णेची गोष्ट सांगितली. त्या रस्त्याची एक जुनी खोड होती. अमरावतीहून निघताना कापसाचं वजन व्हायचं, अकोल्यात पुन्हा व्हायचं. मधल्या पाच-सहा दिवसांत कापूस वाळायचा, बाभळीच्या काट्यांनी बोऱ्यांतून, म्हणजे भरलेल्या पोत्यांतून, ओढला जायचा, आणि मूठ-दोन मुठी गाडीवानही काढून घ्यायचे. ही तूट भरून काढायला काटेपूर्णेच्या तळावर सगळे गाडीवान बोऱ्यांवर नदीचं पाणी मारत. त्यात पाप आहे असं कुणालाच वाटत नसे. बापानं मारलं, आजानं मारलं, जसं चाकाला वंगण तसं बोऱ्याला पाणी.

"तो मारत नाई, काकी. म्हन्ते, कापूस दुसऱ्याचा हाये, त्यात पानी घालनं खोटं. म्या म्हनलं, अबे थोडंसं मार, सारे मारतात. तर म्हन्ते, किरिस्ताव झालो ते का ऐतवारच्या दिवसापुरतं?"

"मंग वजन?"

"कमी भरते. जुना गुमास्ता समजदार होता, कोरडा कापूस हाये म्हनून सोडून देत होता. आता नवा आला."

आणि ज्याची भीती होती तेच झालं. त्या हंगामाच्या अखेरीस बारा गाड्या अकोल्याला पोचल्या. अकरांचं वजन भरलं, सूर्यभानाचं कमी आलं. नव्या गुमास्त्यानं त्याला चोर ठरवून अमरावतीला शेठपुढे पाठवलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "बाकीच्यांचं भरतं, तुझंच का भरत नाही?" सूर्यभान म्हणाला, "म्या पानी मारत नाई." "मग बाकीचे मारतात?" त्यावर सूर्यभान म्हणाला, "माहं मले पुसा. त्याईचं त्याईले पुसा." बाकीच्यांना विचारलं. अकरांनी कानांवर हात ठेवले. त्यांत कुर्बानही होता. हे सांगायला पुन्हा वलगावला आलेल्या कुर्बानची मान खाली होती.

बाजाराची रीत अशी होती, की गाडीवानावर आळ आला तर त्याच्या घरच्या माणसानं शेठपुढे उभं राहून सांगायचं, हा आमचा आहे, आम्ही याचा भरवसा देतो. घरच्यांनी हात ठेवला की शेठ एक वेळ माफ करायचा. कुणी आलंच नाही तर गाडी बंद, आणि त्या बाजारात पुन्हा कुणी काम द्यायचं नाही. जातभाऊ चालत नसे, दोस्त चालत नसे. घरचंच माणूस लागे, कारण घरच्याला अब्रू असते.

"त्यानं शेठले सांगितलं," कुर्बान म्हणाला, "माही माय हाये वलगावले. ती येईन. त्यानं मले धाडलं, काकी. चला."

दुर्गाबाई उठली. त्या वेळी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. लुगडं बदलून ती कुर्बानच्या गाडीत बसली आणि वलगाव ते अमरावती रस्ताभर एकच वाक्य मनाशी घोळवत राहिली. हा माझा मुलगा. आजवर यानं कुणाच्या शेतातलं बोंड उचललं नाही.

बाजार तुडुंब भरला होता. शेठच्या अंगणात वजनाच्या काट्याभोवती माणसंच माणसं. कडेला सूर्यभान उभा होता, आईला बघून त्याचा चेहरा उजळला. दोन वर्षांत तो वाळला होता, पण बैल खरंच तुकतुकीत होते. दुर्गाबाई पुढे झाली, आणि तिला खुशालराव दिसला. आपल्या कापसाचं वजन करायला तो भातकुलीहून आला होता. त्याच्या शेजारी किसनराव. दोघंही तिच्याकडे बघत होते. खुशालरावाच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तो फक्त बघत होता.

"बाई," शेठनं विचारलं, "हा तुमचा मुलगा का?"

अंगण शांत झालं असं नाही. काट्याचा आवाज चालू होता, कुणी बैलाला हाकारत होतं. पण दुर्गाबाईला काही ऐकू येईना. होय म्हटलं की तेरवी खोटी. तेरवी खोटी म्हणजे घर बाटलेलं. घर बाटलेलं म्हणजे शकुन उद्या आपली पेटी घेऊन दारात. घोळवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि जिभेनं दुसरंच काढलं.

"माहा पोरगा दोन वर्सं झाले, गेला. याले म्या वळखत नाई."

शेठ बुचकळ्यात पडला. "अहो, पण हा तर म्हणतो..."

"राहू द्या, शेठजी," सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज फुटला नाही, आणि दुर्गाबाईला आठवत राही ते हेच. "त्या बाईले कावून तरास देता? तिनं तिच्या पोराची तेरवी केली हाये. गावानं जेवन केलं. ती खोटं नाई बोलत."

कुणीतरी खुदकन हसलं. कुर्बान पुढे होऊन ओरडला, "अरे, मा है उसकी! म्या घेऊन आलो तिले!" पण सूर्यभानानं त्याचा दंड धरला. शेठनं हात झटकले. त्या दिवसापासून सूर्यभानाची गाडी बंद झाली. तो बैलांजवळ गेला, त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि बैलजोडी कुर्बानच्या हवाली केली. "वलगावले पोचव. घरचे हायेत." मग चालत निघून गेला. आईच्या जवळून गेला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिला अडचण होऊ नये म्हणून पाहिलं नाही, हे तिला कळलं, आणि त्यापेक्षा रागामुळे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

बैल घरी आले. तिनं किसनरावाला न विचारता ते गोठ्यात बांधले.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईहून शेठकडे तक्रार आली. बोरे उघडले तर कापूस आतून काळा पडलेला, कुजका, हात घातला तर ओला गोळा. प्रत्येक बोऱ्यावर ज्या त्या गाडीवानाची गेरूची खूण असे. एकाच खुणेचे बोरे कोरडे आणि पांढरे निघाले होते. ही बातमी बाजारभर झाली, बाजारातून गावोगावी गेली. शकुनला भेटायला दुर्गाबाई भातकुलीला गेली होती. खुशालराव ओसरीत सुपारी कातरत बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "ऐकलं काय, इहीनबाई? तुमचा पोरगा खरा निघाला. लय खरा. मानूस म्हनून मानलं पायजे."

तुमचा पोरगा. तोच खुशालराव म्हणत होता, सुपारी कातरता कातरता.

तिनं भीत भीत विचारलं, "त्या दिवशी बाजारात... म्या होय म्हनलं असतं तं?"

खुशालरावानं अडकित्ता थांबवला. थोडा विचार केला. "काय सांगू? आठ दिवस बोंबललो असतो. मंग गप झालो असतो. सून काय टाकून देते कोनी? घरात काम कोन करन?" आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

तो खरं सांगत होता की आता सोपं झालं म्हणून बोलत होता, हे तिला कधीच समजलं नाही. पण त्या दिवसानंतर तिला जेवण गोड लागलं नाही.

रेल्वेचं काम तेव्हा काटेपूर्णेपाशी आलं होतं. सूर्यभान तिथं माती वाहतो, असं कुर्बाननं शोधून काढलं. त्यानंच तिला नेलं. शेकडो माणसं टोपल्या घेऊन रांगेनं भराव चढत होती. ती ज्याला त्याला थांबवून सांगत होती, "सूर्यभान कुठं हाये? म्या त्याची माय." तिथं हे सांगायला काही अडचण नव्हती. तिथं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

तो तिला बघून टोपली टाकून धावत आला, पाया पडला. "माय! कायनं आली? शकुन बरी हाये ना? बैल काय म्हन्तात?"

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं, रडली असती, काहीतरी फिटलं असतं.

"तू मले काईच बोलत नाई," ती म्हणाली. "म्या तुले चारचौघांत वळखत नाई म्हनलं."

"चूक माही होती, माय. तुले तिथं बोलावनंच बरोबर नोतं. म्या एकटा इमानदार होनार आन त्याची किंमत तू भरनार, हे कोनतं किरिस्तावपन? म्या त्याच्यापायी देवाची माफी मागितली. तुही बी मागतो."

"घरी चाल."

"घरी कसा येऊ? तेरवी झालेला मानूस घरी आला तं भूत म्हन्तील," तो हसला. मग तिच्या डोळ्यांकडे बघून हसणं थांबवलं. शेठनं परत बोलावलं होतं, पण रेल्वेच्या ठेकेदाराला त्यानं शब्द दिला होता, पुढचं काम नागपूरकडे होतं. शब्द दिला म्हणजे दिला.

दुसरा दिवस रविवारचा होता. मजुरांच्या झोपड्यांजवळ पाच-सात माणसं जमली. पुंजाराम अकोल्याहून आला होता. सूर्यभान उभा राहून मोठ्यानं प्रार्थना करू लागला. बाजूला पत्ते खेळणारे मजूर त्याच्या आवाजाची नक्कल करत होते, आणि तो नक्कल करणाऱ्यांसाठीही मागत होता, नावं घेऊन. मग त्यानं आईचं नाव घेतलं. वलगावची दुर्गाबाई, माझी माय. सगळ्यांच्या देखत, नेहमीच्या सवयीनं घ्यावं तसं. तिच्या लक्षात आलं, हे नाव तो दर रविवारी इथं घेत असणार. आपण मात्र त्याची खबर बैलांच्या नावानं विचारत होतो.

प्रार्थना संपल्यावर पुंजाराम तिच्याजवळ बसला. तिच्या मनात काय चाललंय ते त्यानं ओळखलं असावं. "बाई, तुम्हालाही प्रभूचं नाव घ्यावंसं वाटतं का?"

"वाटते," ती म्हणाली. "पन एकदा नाई म्हनलेलं तोंड हाये हे. त्याच्यावर इतक्या लवकर भरवसा ठेवू नोका. पयले मले अमरावतीले जाऊन एक गोष्ट सांगून येऊ द्या."

सूर्यभान नागपूरकडच्या कामावर गेला. दुर्गाबाई शेतीच्या कामात अडकली, मग किसनराव आजारी पडला, मग शकुनच्या घरी लग्न निघालं. असं करता करता अमरावतीला जायला तिला दीड वर्ष लागलं. खरं सांगायचं तर कामं होती तशी भीतीही होती. लढाई संपली होती, तेजी ओसरली होती, बदनेऱ्याला आगगाडी आली होती. बैलगाड्यांचा तो लांबलचक तांडा आता अकोल्याला जात नव्हता.

ती बाजारात शिरली. अंगण तेच, काटा तोच, पण शेठ धंदा आवरून आपल्या मुलखाला निघून गेला होता. गादीवर दुसरेच मालक होते. काट्यापाशी एक तरुण गुमास्ता बसला होता. कापूस घेऊन आलेली माणसं होती, पण त्या दिवसांसारखी गर्दी नव्हती, आणि त्यात ओळखीचा एकही चेहरा नव्हता. दुर्गाबाईनं पदर नीट केला.

"इथं मले एक पुसलं होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "सूर्यभान गाडीवान तुमचा पोरगा काय म्हनून. होय. तो माहा पोरगा हाये. किरिस्ताव हाये, आन माहा हाये. खरा मानूस हाये."

गुमास्त्यानं मान वर केली. "कोण सूर्यभान? बाई, कापूस आणलाय का?"

"नाई."

"मग बाजूला व्हा. गाडी येतेय."

एक म्हातारा गाडीवान बैल रेटत आत येत होता. दुर्गाबाई बाजूला झाली. मग त्या म्हाताऱ्याच्या गाडीबरोबर चार पावलं चालत तिनं त्यालाच सांगितलं, "माहा पोरगा बी गाडी हाकत होता. सूर्यभान नाव त्याचं."

"बरं, माय," म्हातारा म्हणाला, आणि गाडी काट्याकडे वळवली.